थंडी आहे तोवर पोपटी लावा
कोकणातली थंडी ती केवढी! स्वेटर पेटीतून निघेपर्यंत संपते. म्हणून सकाळच्या गारव्यात आंब्याच्या मोहोरावर नजर फिरवा, वालाची राखण करा, दुपारी ओटीवर खुशाल लवंडा. आणि एक रात्र पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या बेताला, ठेवाच. मडक्यात तळाशी भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, वर वालाच्या ताज्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी-बटाटे आवडीप्रमाणे. तोंड पाल्यानेच गच्च बंद करा. पाणी थेंबभरही नको, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. (गॅसवरची ती पोपटी नव्हेच.) मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवा. ३० मिनिटांनी वर पाण्याचा शिपका मारा. चर्र झालं की उतरवा, पण फडक्याने धरून.