बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं वजन: एकट्याचं ताट नको, घरचं ताट बदला

बहुतेक विशेष शाळा अठराव्या वर्षी संपतात. पुढे दिव्यांग प्रौढांना काम देणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दिवस टीव्हीसमोर जातो. कवायत थांबते, बसपर्यंतचं चालणं थांबतं. खाणं मात्र तेवढंच राहतं, उलट वाढतंच, कारण घरात प्रत्येकाच्या मनात एकच वाक्य असतं: 'त्याला दुसरं सुख काय आहे?' पंचविशी-तिशीत वजन चढतं त्यामागे हे वाक्य बऱ्याचदा असतं. आईवडील, भावंडं आणि कार्यशाळेतल्या ताईंनी कुठून सुरुवात करायची, ते पाहू.

पायरी १: आधी मोजा

वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. येतो तो बीएमआय. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. उंची १५० सेंटिमीटर असेल तर साधारण ५२ किलोपर्यंत ठीक, ५६ च्या पुढे काळजीचं. कमरेचा घेरही टेपने मोजा: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पाठीला बाक असेल किंवा सरळ उभं राहता येत नसेल तर उंची चुकते. अशा वेळी बीएमआयचा आकडा मनावर न घेता घेर आणि वजन महिन्यागणिक किती बदलतं ते बघा.

व्हीलचेअरवरच्या माणसाचं वजन खुर्चीसकट करून नंतर खुर्चीचं वजा करता येतं. हॉस्पिटलात तसा काटा नसेल तर ओळखीच्या धान्यदुकानातला मोठा काटाही चालतो. फक्त दुकान बंद असताना जा, चारचौघांत माणसाला पोत्यासारखं तोलू नका. वजन महिन्यातून एकदा पुरे. रोज केलंत तर तुम्हालाच धास्ती लागेल आणि ती त्याच्यापर्यंत पोचेल.

पायरी २: खाणं कमी करण्याआधी डॉक्टर

ही पायरी लोक हमखास गाळतात. डाऊन सिंड्रोममध्ये (जन्मतः एक गुणसूत्र जादा असतं ती अवस्था) थायरॉइड मंदावणं फार आढळतं, म्हणून वर्षा-दोन वर्षांतून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइड कमी असताना नुसती पोळी तोडून वजन हलत नाही, माणूस फक्त चिडचिडा होतो. दुसरं कारण औषधं. वागणुकीसाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि फिटसाठीचं व्हॅलप्रोएट यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. गोळी सुरू झाल्यापासून किती किलो वाढले हे डॉक्टरांना सरळ सांगा आणि दुसरी गोळी चालेल का विचारा, पर्याय असू शकतो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. फिटची गोळी एकदम तोडली तर फिट येण्याचा धोका असतो.

रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसभर पेंगणं हेही सांगा. आणि वजन आपोआप उतरत असेल तर खूश होऊ नका. दात दुखतोय, गिळताना त्रास होतोय, पित्त वर येतंय किंवा पोट साफ होत नाही, हे तो शब्दांत सांगेलच असं नाही. ताट तसंच राहणं किंवा जेवताना वारंवार ठसका लागणं ही त्याची खूण असू शकते.

प्रेडर-विली सिंड्रोम हा जन्मतःचा जनुकीय आजार असेल तर गोष्ट वेगळी. पोट भरल्याचा निरोपच मेंदूला पोचत नाही. तिथे स्वयंपाकघराला कुलूप लावणं हा क्रूरपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. बाकी कुणाच्या घरी कुलपाची कल्पना लढवू नका.

पायरी ३: चहापासून सुरुवात

आठवडाभर त्याने खाल्लेलं-प्यायलेलं सगळं एका वहीत लिहून काढा. शेजारच्या काकूंनी दिलेलं बिस्किटसुद्धा. बहुतेक घरांत जेवणापेक्षा मधल्या वेळचंच जास्त निघतं. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी म्हणते. इथे तर पंचविशीची रेघ एकट्या चहातच ओलांडली, त्यात बुडवलेली खारी वेगळीच. साखर एकदम बंद करू नका. आठवड्याला प्रत्येक कपात पाव चमचा कमी करत न्या, आणि तेही सगळ्यांच्याच चहात. एकाच भांड्यात उकळणारा चहा असताना त्याचा फिका आणि बाबांचा गोड, हे त्याला लगेच कळतं. त्याला कळत नाही असं आपणच धरून चालतो.

जेवणाचंही तसंच. पातेली समोर न ठेवता ओट्यावर ठेवा, ताटं तिथूनच वाढून आणा. कोशिंबीर आणि पालेभाजी आधी वाढा. पोळी एकेक द्या, सगळ्या एकदम नकोत. बरेच जण भराभर गिळतात. त्यांना लहान चमचा द्या आणि शेजारी बसून आपणही हळू जेवा. संध्याकाळच्या शेवेऐवजी फुटाणे, कमी तेलातलं भडंग किंवा मोड आलेली मटकी असू द्या. गिळायचा त्रास असेल तर फुटाण्यासारखं कोरडं, कडक काही नको.

पायरी ४: निवड त्याची

तो प्रौढ आहे. काय खायचं यात त्याचा शब्द हवाच, पण 'काय खाशील?' हा प्रश्न मोठा पडतो आणि उत्तर वडापावच येतं. त्याऐवजी मोबाइलवर घरच्याच ताटाचे, वाट्यांचे, फळांचे फोटो काढा, छापा आणि दोनच पुढे ठेवा: पेरू की पपई? गवार की दोडका? त्याने बोट ठेवलं तो फोटो फ्रिजवर लावा. ठरवलेलं समोर दिसत राहिलं की वाद कमी होतात. इंटरनेटवरची चकाचक चित्रं नकोत, आपली स्टीलची वाटी आहे तशी दिसू द्या.

कार्यशाळेतून मिळालेल्या विद्यावेतनातून कुणी येताना वडा खात असेल तर पैसे काढून घेऊ नका, लपूनछपून खाणं तिथूनच सुरू होतं. कॅलेंडरवर शनिवारी वडापावचा फोटो चिकटवा. तो शनिवार त्याचा, त्या दिवशी कुणी टोकायचं नाही.

पायरी ५: बक्षिसातलं चॉकलेट काढा

शाळेत काम नीट केलं की गोळी-चॉकलेट मिळायचं. ही सवय तिशीतही सुटत नाही. 'शाब्बास'ला दुसरं काही जोडा: आवडीचं गाणं, मामाला व्हिडिओ कॉल, टाळी. नातेवाइकांना मात्र नुसतं 'देऊ नका' सांगून भागत नाही, कारण त्यांना प्रेम दाखवायचं असतं. त्यांना काम द्या: 'काकू, खाऊऐवजी त्याला भाजीच्या पिशव्या आणायला बरोबर न्या.' गणपतीत मोदक खाऊ दे, पण सकाळीच एक वाटीत काढून 'हा तुझा' म्हणून दाखवून ठेवा.

पायरी ६: व्यायाम म्हणू नका, काम द्या

आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं हालणं, हे माप दिव्यांग प्रौढांनाही लागू आहे. दूध आणणं, झाडांना पाणी घालणं, जेवण झालं की देवळापर्यंत फेरी, रोज त्याच वेळी आणि त्याच वाटेने. वेळ पक्की असली की आठवण तोच करून देतो. नाचायला तर बहुतेकांना आवडतंच. स्पर्धेची हौस असेल तर बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धा घेणाऱ्या स्पेशल ऑलिम्पिक्स भारतकडे चौकशी करा, तिथे वयाची वरची मर्यादा नाही. डाऊन सिंड्रोम असेल तर कोलांटउड्या आणि मानेवर ताण येणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, मानेचे मणके सैल असू शकतात.

किती उतरायला हवं?

८० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. चढणारं वजन नुसतं थांबलं तरी पहिल्या टप्प्यात ते पुष्कळ झालं. तीन महिन्यांत काटा हललाच नाही तर खाणं आणखी तोडण्याआधी ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात बौद्धिक दिव्यांगांना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यात ठराविक मर्यादेपर्यंत ओपीडीतल्या औषधांचा आणि तपासण्यांचा खर्चही मिळतो, तेव्हा पावत्या जपून ठेवा.