लंच मीटिंग झूमवर नेताना आमचं काय चुकलं: क्लबांनी या चुका टाळा

आमच्या समाजसेवी क्लबाची सभा वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी एकला, पुण्यातल्या एका हॉटेलात. आधी ताटं, मग घंटा, राष्ट्रगीत, वाढदिवस, पाहुणे वक्ते, आभार. अडीचला जो तो आपल्या दुकानात नाहीतर दवाखान्यात. मार्च 2020 मध्ये हॉटेलला कुलूप लागलं आणि आम्ही ती सभा जशीच्या तशी उचलून झूमवर ठेवली. सचिव मी होतो, त्यामुळे खालच्या बहुतेक चुकांवर माझीच सही आहे.

जेवण काढलं, प्रोटोकॉल ठेवला

ही सगळ्यात मोठी. अध्यक्षांनी देवघरातली घंटा वाजवली, ती झूमच्या आवाज गाळणाऱ्या सोयीने गिळून टाकली. राष्ट्रगीत सगळ्यांनी माइक चालू ठेवून म्हटलं, तर प्रत्येकाचा ‘जय हे’ वेगळ्या क्षणी पोचला. (उपाय सोपा आहे: एकाने आवाजासह स्क्रीन शेअर करून रेकॉर्डिंग लावायचं, बाकीच्यांनी म्यूटवर उभं राहायचं.) मग इतिवृत्त, घोषणा, आणखी घोषणा.

गेली ती ताट हातात घेऊन उभ्या उभ्या होणारी वीस मिनिटं. कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या मुलाला नोकरी हवी, कोणाची उधारी अडकली, हे सगळं तिथे कळायचं. आमच्या एका सभासदाची आई आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि क्लबात कोणाला पत्ता नव्हता. त्या आठवड्यातही सभा मात्र वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपली होती.

नंतर आम्ही पाऊणलाच लिंक उघडायला लागलो. विषयपत्रिका नाही, भाषण नाही. झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये चार-पाच जणांची ‘टेबलं’ करायची, दहा मिनिटं सोडून द्यायचं. कॅमेऱ्यासमोर जेवायला लोक लाजतात, चहाला लाजत नाहीत. वेळ कमी पडला तर घोषणा कापा, त्या व्हॉट्सअॅपवर जातात. ‘ऑनलाइन सभेची हजेरी धरली जात नाही’ असं कोणी ज्येष्ठ म्हणालेच, तर रोटरीपुरतं सांगतो: 2016 च्या नियमबदलापासून ती धरली जाते. मुळात 1905 मध्ये शिकागोत रोटरीची मंडळी आळीपाळीने (रोटेशनने) एकमेकांच्या ऑफिसात जमायची, रोटरी हे नावच त्यावरून पडलं. जागा बदलल्याने काही बाटत नाही.

फुकटचं खातं, फिरती लिंक

फुकट खात्यावर 40 मिनिटांनी झूमचा पडदा पडतो. आमचे पहिले वक्ते पाणलोटावर बोलत होते. ‘आता मुद्द्यावर येतो’ म्हणाले आणि नाहीसे झाले. एक पैसे भरलेलं खातं घ्या, वाचलेल्या जेवणाच्या पैशांत सहज बसतं.

लिंक गावभर फिरवू नका. पासकोड आणि वेटिंग रूम चालू ठेवा. केंद्रीय गृहमंत्रालयानेही एप्रिल 2020 मध्ये झूमबाबत हाच इशारा दिला होता. वेटिंग रूमचा दुसरा फायदा असा की नाव बदलल्याशिवाय आत घ्यायचं नाही असं ठरवता येतं. नाहीतर हजेरीपटावर ‘रेडमी’ दोनदा आणि ‘पिंकीज आयपॅड’ एकदा. पिंकीज आयपॅड म्हणजे आमचे माजी अध्यक्ष, नातीचा टॅब घेऊन बसलेले.

आणि वीज. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार, हे हॉटेलच्या जनरेटरमुळे आम्ही विसरलो होतो. घरी राउटर बंद पडल्यावर आठवलं. सहयजमान (को-होस्ट) म्हणून दुसरा माणूस नेमा, तोही दुसऱ्या पेठेतला.

वक्त्याला लिंक पाठवली की काम झालं, हा समज

हॉलमध्ये वक्त्याला माना डोलताना दिसतात, हशा ऐकू येतो. झूमवर त्याच्यासमोर तीस काळे चौकोन. एक प्राध्यापक मध्येच थांबून म्हणाले, “आहात ना?” आणि कोणी पटकन म्यूट काढेना. त्या दिवसापासून आम्ही पाच जणांची नावं आधीच ठरवतो. त्यांनी कॅमेरा चालू ठेवायचा, चेहऱ्यावर उजेड घ्यायचा आणि पहिला प्रश्न त्यांच्यातल्या एकाने विचारायचा.

आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्या. वक्त्याचं सादरीकरण आपल्याकडेही मागवून ठेवा. साधा मोबाइल नंबर हाताशी असू द्या, कारण नेट गेल्यावर व्हॉट्सअॅप कॉलही जातो. वीस मिनिटं द्या, पंचेचाळीस नव्हे. परिचय चार ओळींचा; पदव्यांची यादी वाचून होईपर्यंत अर्धे लोक ईमेल उघडतात.

विषयाचीही चूक झाली. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही ‘कोविड आणि आपण’वर पाच डॉक्टर बोलावले. पाचवे दोन ड्यूट्यांच्या मध्ये गाडीत बसून बोलले. मास्कचे वळ गालावर स्पष्ट दिसत होते, आणि आम्ही त्यांना गरम पाणी प्यावं का ते विचारलं. त्या काळात डॉक्टरांची झोप जास्त मोलाची होती. एक बोलवा, नेमके प्रश्न आधी गोळा करा, दहा मिनिटांत सोडा.

परदेशातला वक्ता मिळणं हा झूमचा खरा लाभ, पण घड्याळ बघा. आपली दुपारची एकची वेळ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे साडेतीन. म्हणून आम्ही एक सभा रात्री आठला घेतली, तिकडचे सकाळचे साडेदहा. ठरलं ऑक्टोबरात, सभा नोव्हेंबरात. 1 नोव्हेंबरला त्यांची घड्याळं तासभर मागे गेली आणि वक्ते त्यांच्या साडेदहाला, म्हणजे आपल्या नऊला, हसतमुखाने हजर झाले. निमंत्रणात दोन्ही गावांची वेळ आणि तारीख लिहा.

परत हॉटेलात, पण जुन्याच पद्धतीने

5 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली आणि आमच्यातले उत्साही लगेच हॉल बघून आले. खुर्च्या लांब ठेवल्या की झालं, असं सगळ्यांना वाटायचं. चीनमधल्या ग्वांगझूच्या रेस्टॉरंटचं उदाहरण तेव्हा छापून आलेलं होतं: 24 जानेवारी 2020 चं दुपारचं जेवण, खिडक्या नसलेली जागा, एसीचा झोत, शेजारशेजारची तीन टेबलं, आणि तीन कुटुंबांतल्या 10 जणांना लागण. आमचा तळमजल्यावरचा हॉल यापेक्षा वेगळा नव्हता.

साथीच्या काळात जेवताना मास्क काढावाच लागतो, म्हणून जेवण आणि भाषण वेगळं करा. आम्ही लॉनवर बसलो. भाषण मास्क लावून आधी, मग बंद डबा हातात. खायचा त्याने लांब बसून खावा, बाकीच्यांनी घरी न्यावा. बुफेची एकच पळी चाळीस हातांत फिरवू नका. माइकही फिरवू नका, प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि सचिवाने वाचावेत. प्रश्न विचारण्याच्या नावाखाली भाषण करणारे दोघे चिठ्ठीमुळे आपोआप आवरले, तेवढा एक फायदा.

जेवणाच्या पैशांवर गप्प बसणं

वर्गणीत जेवण धरलेलं असतं. सभा ऑनलाइन झाल्यावर ते पैसे कुठे गेले, हा प्रश्न पहिल्या महिन्यात कोणी विचारत नाही, चौथ्या महिन्यात सगळे विचारतात, तेही एकमेकांना. आमच्या कार्यकारिणीने परस्पर धान्याची किटं वाटली. काम चांगलं, पण सभासदांना कळलं ते वर्तमानपत्रातल्या फोटोवरून. दोघांनी राजीनामे पाठवले, एकाने परत घेतला. हिशेब पहिल्याच ऑनलाइन सभेत स्क्रीनवर दाखवा: इतके जमा, इतके हॉटेलकडे आगाऊ, इतके शिल्लक, परत हवेत, पुढच्या वर्षात वळवायचे की किटांना द्यायचे. झूमवर मतदानाची सोय आहे, दोन मिनिटांत निकाल लागतो.