लगाम उतरला, हात मात्र तोच: कडियाळ्याविना घोडा चालवताना या चुका टाळा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो. तिथला जाणकार गिऱ्हाईक आधी दात पाहतो, मग खूर पाहतो आणि शेवटी रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी जलद चाल पाहण्यासाठी घोडा फिरवून घेतो. ओठांच्या कोपऱ्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ते जरूर पाहावेत. वर्षानुवर्षे ओढल्या गेलेल्या तोंडाच्या कोपऱ्यांत कातडी जाड आणि फिकट झालेली दिसते, आणि काटेरी लगाम वापरलेला असेल तर जिभेवर जुन्या जखमांचे वळही सापडतात. असे एखादे तोंड पाहिलेला माणूस लोखंडाशिवाय घोडा चालवता येईल का, असा विचार करू लागतो आणि बहुधा मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहून ‘बिटलेस’ साज मागवतो. शहादा, दोंडाईचा भागातून माझ्याकडे जी विचारणा होते, ती यानंतरची असते: साज आला, घोड्यावर चढवला, आणि आता घोडा ऐकत नाही.

आपण सरसकट ज्याला लगाम म्हणतो, त्यातला तोंडात जाणारा लोखंडी भाग म्हणजे कडियाळे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर जी मोकळी जागा असते तिथे ते बसते, आणि त्या जागी हाडाच्या धारेवर अगदी पातळ आवरण असते. कडियाळे काढले की हा दाब जातो हे खरे. पण तो नाहीसा होत नाही, नाकाच्या हाडावर, हनुवटीखाली आणि कानांमागे जाऊन बसतो. बहुतेक तक्रारींचे मूळ एवढ्यातच आहे. बैलाची वेसण काढून नुसत्या म्होरकीवर त्याला वळवायचे म्हटले, तर शेतकऱ्याला आधी आपल्या हाताची सवय बदलावी लागते. घोड्याच्या बाबतीत मात्र साज नवा आला म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो.

नाकपट्टा खाली बांधणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक थांबतो. माझ्या घोडीला पहिला साइडपुल, म्हणजे राशी नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना थेट जोडलेला साज, घातला तेव्हा नाकपट्टा नाकपुड्यांच्या बराच जवळ आला होता, आणि ती हलक्या हाताने थांबते म्हणून मी खूश होतो. ती थांबत होती ती दुखत होते म्हणून. घोड्याच्या नाकाचे हाड खाली येता येता निमुळते आणि पातळ होते व शेवटी नुसती कूर्चा उरते. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही, त्यामुळे तिथे पडलेला दाब दुखतो आणि श्वासही अडवू शकतो. पट्टा गालाच्या उंच हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटांवर, घट्ट हाडावर बसला पाहिजे. आपल्या बोटांनी नाकाचे हाड वरून खाली चाचपत गेल्यास ते कुठे मऊ होते हे सहज कळते, आणि पट्टा त्या जागेच्या बराच वर हवा.

त्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. घाम, धूळ आणि नायलॉनची दोरी यांनी आठवडाभरात नाकावरचे केस घासून टाकले, आणि ते परत आले तेव्हा पांढरे आले. काळ्या घोडीच्या नाकावरची ती पांढरी रेघ आजही आहे. तेव्हापासून मी पट्ट्याला आतून मऊ चामडे लावतो, रोज साज उतरवल्यावर पाण्याचा हात फिरवतो आणि नाकाच्या वरच्या बाजूला दोन बोटे सहज जातील एवढीच ओढ ठेवतो. बोटे कडेने घालून पाहू नयेत. तिथे पोकळी असते आणि पट्टा घट्ट असला तरी बोटे जातात.

लोखंड तोंडात नाही म्हणजे साज सौम्य आहे, असे मानणे

बाजूला लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेला मेकॅनिकल हॅकामोर पुष्कळांना बिटलेस म्हणून सौम्य वाटतो. त्याचे गणित तरफेचे आहे: दांडीचा वरचा भाग ५ सेंटीमीटर आणि खालचा १५ सेंटीमीटर असेल, तर हातातली एक किलोची ओढ साखळीवर साधारण तीन किलोची होते. अशा साजावर एका बाजूने ओढून घोडा वळवायला गेल्यास सबंध साजच चेहऱ्यावर फिरतो आणि घोडा गोंधळतो. वळणाचे काम मानेवर रास टेकवून आणि पायाने व्हायला हवे. शिकाऊ स्वाराने यापासून लांब राहिलेले बरे. जबड्याखालून पट्टे एकमेकांना ओलांडून जातात तो क्रॉस-अंडर साज, ज्याचा प्रसार अमेरिकेतील पशुवैद्यक डॉ. रॉबर्ट कुक यांनी केला, तो वळणाला चांगला आहे. पण रास सैल सोडल्यावर त्याचे पट्टे लगेच सुटले पाहिजेत. कोरड्या, कडक चामड्याचे पट्टे अडकून राहतात, आणि सुटका न मिळालेला घोडा रेटून पुढे जाऊ लागतो. चामड्याला तेल लावा, साज हातात धरून ओढून-सोडून पाहा, मगच घोड्यावर चढवा.

दोष आधी साजाला देणे

कडियाळे काढूनही घोडा मान झटकत असेल, तर दाढांच्या पुढचे लहान ‘वुल्फ टीथ’, दाढांच्या धारदार झालेल्या कडा, कानांमागे घासणारा पट्टा आणि खोगिराखालची पाठ हे सगळे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. थांबत नसेल, तर बहुतेकदा स्वार सतत ओढत असतो आणि घोडा त्या ओढीवर आपले डोके टेकवून चालतो. ओढ, थांब, सोड. पुन्हा ओढ, सोड. घोडा शिकतो तो सोडण्यातून. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जुना लगाम आणि नवा साज एकावर एक घालून दोन्हींच्या राशी हातात ठेवाव्यात, काम नव्या राशीवर करावे आणि जुनी नुसती सैल धरावी. पहिले दिवस कुंपणाच्या आत काढावेत. सातपुड्याच्या वाटेवर नवा साज तपासायला जाऊ नये, हे सांगावे लागते याचेच मला नवल वाटते.

नियम न वाचता स्पर्धेला जाणे

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताने सांघिक ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून दाखवण्याच्या खेळाचे, सुवर्ण जिंकले. अश्वक्रीडेतले आपले ते १९८२ नंतरचे पहिलेच सुवर्ण होते, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांनाही ड्रेसाजची ओढ लागली आहे. पण आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत ड्रेसाजला कडियाळे सक्तीचे आहे. ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि उड्या अशा तीन फेऱ्यांच्या इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज फेरीलाही तेच. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या शो जंपिंगमध्ये आणि लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत बिटलेस साज चालतो. नेदरलँड्सने राष्ट्रीय पातळीवर ड्रेसाजही बिटलेस खेळू दिले आहे, म्हणजे अडचण घोड्याची नाही, गुणदानाच्या परंपरेची आहे. घोड्याने कडियाळे शांतपणे स्वीकारणे हीच तिथे शिक्षणाची खूण समजली जाते. माझ्या मते हे बदलायला हवे, पण ते बदलेपर्यंत वर्षभर बिटलेस सराव करून स्पर्धेच्या सकाळी तोंडात लोखंड घालणे हा घोड्यावर अन्याय आहे. ड्रेसाज खेळायचेच असेल तर निदान महिना-दीड महिना आधीपासून सौम्य स्नॅफलवर, म्हणजे तरफेच्या दांड्या नसलेल्या साध्या कडियाळ्यावर, सराव घ्यावा, आणि प्रवेशिका भरण्यापूर्वी त्या वर्षाची नियमपुस्तिका पाहावी.

तांग्याला स्वारीचे नियम लावणे

खरा धोका इथे आहे. स्वाराकडे पाय असतात, बैठक असते. तांगेवाल्याकडे राशी, आवाज आणि चाबूक एवढेच. लांब राशींचे स्वतःचे वजन नाकपट्ट्यावर सतत लोंबत असते, त्यामुळे हात सैल सोडला तरी घोड्याला पूर्ण सुटका मिळत नाही. हलक्या राशी आणि त्या ज्यांत अडकणार नाहीत अशा कड्या ही पहिली गरज. एका जुन्या तांगेवाल्याने माझा साज पाहून अहिराणीत विचारले होते, “तोंडमा लोखंड नही, ते घोडं थांबी कसं?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की तांगा थांबतो तो मुख्यतः पुठ्ठ्यांमागून जाणाऱ्या पट्ट्यावर, ज्यावर घोडा मागे रेलून गाडीचे वजन झेलतो. तो पट्टा सैल असेल तर उतारावर गाडी घोड्याच्या मागच्या पायांवर येते, घोडा घाबरून पळतो आणि ठपका बिटलेसवर बसतो.

स्वारीत घोडा उधळला तर एकच रास ओढून त्याला गोल फिरवतात. तांग्यात हे कधीही करू नये: दोन चाकांची गाडी आडवी होते, दांडी मोडते, आणि मोडलेली दांडी घोड्याच्या बरगडीत शिरू शकते. इथे दोन्ही राशी सारख्या, ओढ-सोड करत, आवाजाबरोबर. म्हणून आवाजाचे शिक्षण आधी: घोड्यामागे पायी चालत लांब राशींवर ‘हो’ म्हणताच थांबणे पक्के झाले, की मग मागे एखादे जुने टायर ओढायला लावावे, त्याच्या खडखडाटाची सवय होऊ द्यावी, आणि शेवटी रिकामा तांगा.

काटेरी लगामाकडे परत जाण्याचा मोह कोणाला होत असेल, तर प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालील १९६५ च्या नियमांनी काटे असलेली कडियाळी वापरायला केव्हाच बंदी घातलेली आहे. साधे, गुळगुळीत कडियाळे मात्र गुन्हा नाही, आणि ज्याचा घोडा अजून ‘हो’ला थांबत नाही त्याने गर्दीच्या रस्त्यावर तेच वापरावे, असे मी बिटलेसचा पुरस्कर्ता असूनही सांगतो. नव्या साजावर पहिला महिनाभर एक जण घोड्याच्या डोक्याशी दोरी धरून चालावा, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तांगा घरीच ठेवावा.