ड्युअल बूटमध्ये पार्टिशन उडालं तर: टेस्टडिस्कमध्ये 'राइट' दाबायच्या आधी हे वाचा

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबंटू लिनक्स दोन्ही आहेत (हेच ड्युअल बूट), उबंटू काढायचं म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलात आणि भलतंच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, डिलीट झालं, तर डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, गेलेली असते ती फक्त पार्टिशन टेबलमधली, म्हणजे कुठला भाग कुठे आहे त्या यादीतली, नोंद. जुन्या एमबीआर प्रकारच्या डिस्कवर हे अख्खं टेबल पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये जेमतेम ६४ बाइटचं असतं. जीपीटी या नव्या प्रकारच्या टेबलची दुसरी कॉपी डिस्कच्या शेवटी असते हे खरं, पण डिलीट करताना दोन्हीकडून नाव जातं, त्यामुळे 'बॅकअप असतोच की' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर कॅन्सल. एसएसडी असेल तर शंभरदा कॅन्सल, कारण क्विक फॉरमॅटबरोबर ट्रिम, म्हणजे 'ही जागा रिकामी समज' अशी सूचना, एसएसडीला जाते आणि मग डेटा खरंच जातो. त्या डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर पण डाउनलोड करायचं नाही.

उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' घ्या.

आता डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा, मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) देऊन, म्हणजे मध्येच थांबलं तर तिथून पुढे चालू होतं. त्यासाठी मूळ डिस्कपेक्षा मोठी हार्डडिस्क लागते, पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, पण ती फॅट३२ फॉरमॅटची नको, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. सोर्स कुठला आणि डेस्टिनेशन कुठलं हे एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये साइज बघून नक्की करा, उलटं झालं तर संपलं. १ टीबीला कित्येक तास लागतात, त्यामुळे डेस्कटॉप असेल तर गुरुवारी सुरू करू नका, पुण्यात त्या दिवशी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आता खरी मेख. टेस्टडिस्क, म्हणजे हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्राम, त्या इमेजवर चालवा, टेबलचा प्रकार बहुतेक तो स्वतःच बरोबर ओळखतो, मग अॅनलाइझ आणि क्विक सर्च. बहुतेक व्हिडिओंमध्ये इथून थेट 'राइट' दाबायला सांगतात आणि तिथेच लोकांची वाट लागते, कारण 'राइट' हरवलेलं पार्टिशन नुसतं जोडत नाही, तर स्क्रीनवर निवडलेल्या यादीचं नवीन टेबल लिहितं. म्हणजे उबंटूचं पार्टिशन सापडलं म्हणून खुश झालात आणि यादीत विंडोजच्या सी ड्राइव्हपुढे 'डी' म्हणजे डिलीटेड राहिलं, तर आता सी पण गेला. ईएफआयचं, म्हणजे बूट व्हायला लागणारं, छोटं पार्टिशन सुद्धा यादीत हवंच, ते लोक हमखास विसरतात.

दुसरी भानगड म्हणजे भुतं. ज्या डिस्कवर दोन-तीनदा लिनक्स टाकून काढलंय तिथे डीपर सर्चमध्ये जुनी, कधीचीच मेलेली पार्टिशनं पण वर येतात, एकमेकांवर चढलेली. मी इथे खूप डोकं आपटलंय. प्रत्येक ओळीवर जाऊन 'पी' दाबा आणि आतले फोल्डर बघा. तुमचे ओळखीचे प्रोजेक्ट, फोटो दिसले तर ते खरं. काहीच उघडत नसेल तर ते भूत असण्याचीच शक्यता जास्त, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर खऱ्या पार्टिशनच्या फाइलही दिसणार नाहीत, तिथे साइजवरून ठरवा आणि रिकव्हरी की शोधून ठेवा. मग डावा-उजवा बाण दाबून खऱ्या ओळींपुढची खूण तेवढी 'पी' (प्रायमरी) करा, बाकी 'डी'. दोन पार्टिशनं एकमेकांवर चढली की 'स्ट्रक्चर बॅड' येतं, तसं दिसलं तर पुढे जायचंच नाही.

महत्त्वाच्या फाइल आधी तिथूनच 'सी' दाबून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. त्या उघडून बघितल्यावरच मूळ डिस्कवर हेच सगळं करून 'राइट'.

रीबूट करा. ग्रब, म्हणजे उबंटू की विंडोज विचारणारा मेनू, आलं नाही तर घाबरू नका, बायोसच्या बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडलं की विंडोज चालू होतं, ग्रब नंतर परत टाकता येतं. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असेल तर शटडाउन म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि अशा वेळी लिनक्समधून त्या एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनवर लिहिलं की फाइलसिस्टिम बिघडू शकते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणांच्या सेटिंगखाली त्याची टिक आहे.