डरहॅममध्ये मित्रांसोबत बेसबॉलची एक संध्याकाळ

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात असाल, तर उन्हाळ्यातली एक संध्याकाळ डरहॅम बुल्सच्या सामन्यासाठी राखून ठेवा. हा टँपा बे रेज या मोठ्या संघाचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) फक्त एक पायरी खालचा संघ. आज इथे खेळणारा मुलगा पुढच्या आठवड्यात मोठ्या संघात दिसू शकतो, आणि तुम्ही त्याला अगदी जवळून पाहिलेलं असतं!

तिकीट काढताना बाजू बघा. बहुतेक मैदानांत फलंदाजाचं तोंड पूर्वेकडे असतं, त्यामुळे तिसऱ्या बेसच्या (फलंदाजाच्या डाव्या हाताच्या) बाजूला सावली आधी येते; उजवीकडे, पहिल्या बेसकडे मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. सोमवारी सहसा सामना नसतो. मालिका मंगळवार ते रविवार चालते.

संरक्षक जाळी नसलेल्या जागेत बसलात तर चेंडू खेळात असताना मोबाइल खिशात ठेवा. फाऊल बॉल, म्हणजे फटक्यानंतर हद्दीबाहेर गेलेला चेंडू, फार वेगाने येतो, लहान मुलं सोबत असतील तर जाळीमागेच बसा. क्रिकेटची सवय असलेल्यांना सुरुवातीला धावा कमी वाटतात. मग गोलंदाज आणि फलंदाजाची झुंज बघायची, चार बॉल (न खेळलेले, टप्प्याबाहेरचे चेंडू) होऊन फलंदाज पहिल्या बेसवर जातो की तीन स्ट्राइक होऊन बाद होतो. सामना साधारण अडीच-पावणेतीन तासांचा, गप्पांना भरपूर वेळ मिळतो.

मैदानाच्या डावीकडच्या उंच भिंतीवर बैलाचा मोठा फलक आहे. घरच्या खेळाडूने होम रन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार) मारला की बैलाच्या नाकातून धूर निघतो. तो नीट दिसेल अशीच जागा घ्या.