टायर तांबूस पडलाय? डिझेलचा डबा आधी बाजूला ठेवा

सप्टेंबरात कासची फुलं बघून साताऱ्याकडे यवतेश्वरचा घाट उतरणारी गाडी ओळखायला नंबर प्लेट बघावी लागत नाही. चाकांपासून दारापर्यंत सगळी लाल. दोन वर्षांपूर्वी माझीही तशीच आली. पाण्याचा जोर मारला, चिखल गेला, टायर काळे झाले. चहा पिऊन बाहेर येतोय तर वाळलेले टायर परत तांबूस. जांभ्याच्या मातीला भरपूर शिव्या घातल्या. ती बिचारी निर्दोष होती.

सगळ्यात पहिली चूक हीच. टायरवरचा प्रत्येक तपकिरी रंग म्हणजे माती नव्हे. टायरच्या बाजूवर ओलं बोट जोरात घासून बघा. लाल पाणी निघालं आणि खाली काळं रबर दिसलं, तर माती. बोटाला जेमतेम तपकिरी लागलं आणि टायर तसाच राहिला, तर तो थर टायरच्या आतून आलाय. रिमच्या कडेवरून ओघळ आल्यासारखी रेघ असेल, तर लोखंडी रिमचा किंवा ब्रेक डिस्कचा गंज पावसानं उतरलाय. तो रिमकडून साफ करायचा, टायर घासून उपयोग नाही.

आता आतून येतं म्हणजे काय? रबर मुळात काळं नसतं. तो रंग त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकचा. हवेतला ओझोन रबराला हळूहळू तडे पाडतो, म्हणून कंपन्या त्यात मेण आणि ओझोनला रोखणारी रसायनं घालतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सिक्स-पीपीडी. गाडी चालते, टायर दबतो-फुगतो, तसं ते पृष्ठभागावर येत राहतं. तिथं हवा-ओझोन लागून त्याचा रंग तपकिरी होतो. आमच्या पेठेतल्या टायरवाल्या काकांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, "आरं, टायरला आतनं औषध घातलेलं असतंय, ते भाईर येतंय. त्याला रोग म्हणू नगं."

म्हणजे टायर खराब झालेला नसतो. दिसायला मात्र वाईट दिसतो, आणि इथूनच माणसं चुका करायला लागतात.

मी केलेली चूक डिझेलची. एका वॉशिंग सेंटरवर पोरानं विचारलं, "दादा, डिझेल मारू का? काळं कुळकुळीत हुतंय." मी म्हटलं मार. खरंच झालं कुळकुळीत. संध्याकाळी सोसायटीत दोघांनी विचारलं, नवे टाकले का म्हणून. चौथ्या दिवशी त्या चिकट टायरवर रस्त्याची सगळी धूळ बसली होती आणि रंग पूर्वीपेक्षा घाण. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, जुनं इंजिन ऑईल हे सगळं रबरात मुरतं, रबर फुगवतं, मऊ करतं. वर टायरमधलं ते संरक्षक मेणही धुऊन नेतं. एका संध्याकाळच्या चमकेसाठी हे परवडत नाही. बाथरूमचं ॲसिड आणि तारेचा ब्रश यांचंही तेच. ॲसिडनं अलॉय रिमवर डाग पडतात ते वेगळेच.

दुसरी मोठी चूक, न घासता पॉलिश चोपडणं. बहुतेक घरी हेच होतं. शाम्पूचं पाणी फिरवायचं, टायर वाळला न वाळला की वरून पॉलिश. खाली तपकिरी थर तसाच, त्यावर जुनी पॉलिश, त्यावर नवी. पाच-सहा वेळा असं झालं की मग साबणानं काही हलत नाही आणि आपण पॉलिशच्या कंपनीला नावं ठेवतो.

खरं काम घासण्यातच आहे. गाडी सावलीत घ्या, टायर गार होऊ द्या. घाटातून आल्या आल्या तापलेल्या टायरवर क्लीनर मारला तर तो घासायच्या आधीच वाळतो आणि पांढरे डाग पडतात. एका वेळी एकच चाक घ्या. आधी रिम, तिचा ब्रश वेगळा, कारण ब्रेकची काजळी टायरवर आणि टायरची घाण रिमवर नको. मग टायर भिजवून टायर क्लीनर किंवा ऑल पर्पज क्लीनर मारा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालूनच. अर्धा मिनिट थांबून फरशी घासायच्या नायलॉनच्या ब्रशनं गोल गोल घासा. पहिला फेस बघा. टपरीवरच्या कडक चहासारखा दिसेल. धुऊन टाका, परत मारा. दुसऱ्या वेळी तो दुधाळ चहा होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी फेस पांढराच राहिला की थांबायचं. माझ्या टायरला पहिल्यांदा पाच वेळा लागलं, जुन्या पॉलिशचे थर होते ना. अक्षरांच्या खाचा आणि रिमलगतची कड बहुतेक सगळेच विसरतात. प्रेशरच्या नळीनं हे काम होत नाही. उलट नोझल अगदी टेकवून मारलं तर टायरच्या बाजूला इजा होऊ शकते, हातभर लांबच धरा.

नव्या टायरलाही पहिल्या धुण्यात असंच घासा. कारखान्यात साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा थर वर राहिलेला असतो, त्यावर पॉलिश नीट बसत नाही.

पॉलिश लावायचीच असेल तर पाण्याची, म्हणजे दुधासारखी पांढरी दिसणारी घ्या. तेलकट, पेट्रोलसारखा वास येणारी जास्त चमकते आणि धूळही जास्त धरते. टायर पूर्ण कोरडा हवा. स्पंजवर थोडी घेऊन पातळ हात फिरवा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसा, आणि लगेच गाडी काढू नका, नाहीतर चाकामागच्या पत्र्यावर काळे शिंतोडे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर एक थेंबही नको. मोटारसायकलच्या टायरला तर पॉलिश लावूच नका. वळणावर गाडी झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते, आणि यवतेश्वरच्या वळणावर ती चमक महागात पडेल.

धुवायची जागाही बघा. संगम माहुलीला कृष्णेत गाडी घालणारे अजून दिसतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसानंतर कोहो सालमन मासे का मरतात याचा शोध बरीच वर्षं चालू होता. २०२० मध्ये कारण सापडलं. याच सिक्स-पीपीडीवर ओझोनची क्रिया होऊन तयार होणारं रसायन, रस्त्यावरच्या टायरच्या कणांतून ओढ्यात उतरलेलं. आपल्या कृष्णेतल्या माशांचं काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण तो चहासारखा फेस नदीत सोडायला माझा हात धजत नाही.

रंग परत येणारच, औषध संपेपर्यंत. पंधरा दिवसांनी एकदा साबण-ब्रश फिरवला तर तो साचत नाही. गाडी महिनोन् महिने उन्हात उभी असेल तर झाकून ठेवा आणि मधूनमधून फिरवून आणा, कारण टायर फिरला, दबला-फुगला की आतलं मेण वर यायला मदत होते.

आणि घासताना बारीक तडे दिसले, तर पॉलिशचा डबा बंद करा आणि टायरचं वय बघा. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना टायर फारच चकाकत असतील तर मी आता आधी फडक्यानं पुसून हे आकडे वाचतो. चार टायरपैकी तिघांवरचे आकडे आतल्या बाजूला निघाले, तर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकतो.