दारचा आंबा: कलम निवडण्यापासून अढीपर्यंत

दारचा आंबा आठ वर्षांचा झाला, हिरवागार आहे, पण मोहोराचं नाव नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष बहुधा कलमाचा नसतो. एक तर झाडाला पुरेसं ऊन नसतं, नाहीतर नत्राचं खत जास्त झालेलं असतं, नाहीतर पावसाळा संपल्यावरही रोज पाणी सुरू असतं. झाडावरच्या मायेपोटी आपण त्याला हिवाळाभर पाजत राहतो. ते पालवी फोडत राहतं आणि फुलायचं विसरतं. घरच्या आंब्यात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून पाण्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण आधी झाड कोणतं आणि कुठे लावायचं ते ठरवू.

जात कोणती?

अंगणात जागा बहुतेक वेळा एकाच झाडाची असते, त्यामुळे बागायतदाराचं गणित इथे चालत नाही. बागेत शंभर हापूस असले तर काही यंदा धरतात, काही पुढच्या वर्षी. दारात एकच हापूस असेल आणि त्याने एक वर्ष विश्रांती घेतली, तर त्या वर्षी घरचा आंबा नाही. हापूसचा हा एकाआड एक वर्ष धरण्याचा स्वभावच आहे. शिवाय गरात पांढरट, आंबट साका होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या खाऱ्या वाऱ्यात आणि जांभ्या मातीत जो हापूस पिकतो, तो पुण्या-नाशकात किंवा मराठवाड्यात तसा होत नाही. कोकणात असाल तर हापूस जरूर लावा. घाटावर असाल तर हट्ट सोडा आणि केसर लावा. केसर देशावरच्या कोरड्या हवेत छान रुळतो, बऱ्यापैकी नियमित धरतो आणि त्यात साका होत नाही. मराठवाडा केसरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

कोकणात एकच झाड लावायचं असेल तर रत्नाचा विचार आधी करा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ही जात दिली. झाड मध्यम उंचीचं राहतं, जवळजवळ दरवर्षी धरतं, फळ हापूसहून मोठं आणि बिनसाक्याचं असतं. याच विद्यापीठाची सिंधू ही जात रत्ना आणि हापूसच्या संकरातली. तिची कोय अगदी पातळ असते. आमरसाची आवड असेल तर पायरीला तोड नाही, मात्र ती पिकल्यावर फार दिवस टिकत नाही. गोव्यात मानकुराद सोडून दुसरं काही सुचवण्याचं धाडस कुणी करू नये.

जागा अगदीच लहान असेल तर आम्रपाली. दशेरी आणि नीलमच्या संकराचं हे झाड मुळातच बुटकं. अडीच मीटर अंतरावरही लावतात. गच्चीवर २०० लिटरच्या ड्रममध्ये आंबा लावायचाच असेल तर हीच जात घ्या. ड्रमच्या तळाला बोटभर जाडीची आठ-दहा भोकं पाडा. फळं मोजकीच येतील, हे मात्र धरून चला.

जागा

दिवसातून किमान सहा ते सात तास थेट ऊन हवं. भिंतीपासून, सेप्टिक टाकीपासून आणि पाण्याच्या भूमिगत टाकीपासून १५ फूट तरी दूर लावा. वरून विजेची तार जात नाही ना, तेही पाहा. मोरीचं पाणी ज्या बाजूला सोडलं आहे, ती बाजू टाळा. आज ते पाणी सोयीचं वाटतं, पण पुढे हेच पाणी मोहोर अडवतं.

काळ्या, चिकट मातीत पावसाचं पाणी साचतं आणि कलमाची मुळं कुजतात. अशा जागी खड्डा करून लावण्यापेक्षा दीड-दोन फूट उंचीचा वरंबा किंवा मातीचा ढीग करून त्यावर लावा. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी पडतात आणि झाड वर्षानुवर्षं अंग धरत नाही. तिथे बाहेरची माती घालूनही फारसा उपयोग होत नाही. मुळं काही वर्षांत मूळच्या जमिनीत उतरतातच.

कलम हातात घेऊन बघा

कोयीपासून वाढवलेला रायवळ आंबा फळायला आठ-दहा वर्षं घेतो, उंच जातो आणि फळ कसं निघेल ते सांगता येत नाही. कलम चार-पाच वर्षांत धरतं. कृषी विद्यापीठाच्या, शासनाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या आणि बिल मागा.

रोपवाटिकेत उंची पाहू नका, जोड पाहा, म्हणजे गावठी खुंटावर हव्या त्या जातीची काडी जिथे बसवली आहे ती जागा. जोड मातीपासून वीतभर उंच असावा. त्याच्या वरचा आणि खालचा दांडा जवळपास सारख्या जाडीचा हवा. जोडाभोवती बोट फिरवा: भेग लागली, चीक सुटल्यासारखं वाटलं किंवा एका बाजूला गाठ आली असेल तर ते कलम ठेवून द्या. कलम बांधतानाची प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली असेल तर ती सालीत रुतते आणि दोन वर्षांनी जोरदार वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. घरी आणल्यावर पट्टी ब्लेडने उभी चिरून काढा. पानं जून, गडद हिरवी असावीत. तांबूस, लोंबती कोवळी पालवी असलेलं कलम लावताना कोमेजतं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन गोल फिरलं असेल तर ते कलम फार काळ पिशवीत राहिलेलं आहे. दोन फुटी कलमाला फळ लटकलेलं दाखवतात, त्याला भुलू नका. त्या वयात फळ धरलेलं झाड थकतं आणि वाढ खुंटते.

खड्डा आणि लावणी

एप्रिल-मे मध्ये तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा खणा. वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या. भरताना वरची सुपीक माती, तीन-चार घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी एक-दोन किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत कच्चं असेल तर घालूच नका; त्याच्या वासाने वाळवी आणि हुमणी येते. माती पावसात खाली बसते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरा.

कोकणात पाऊस स्थिरावल्यावर जूनमध्ये, देशावर जुलै-ऑगस्टमध्ये लावा. पिशवी ब्लेडने चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. जोड जमिनीच्या वर निदान अर्धा फूट राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर तिथे ओल धरून कूज लागते. बांबू रोवून सुतळीने सैल आठाच्या आकारात बांधा. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून झावळ्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा करा.

यानंतर पहिली दोन वर्षं एका गोष्टीवर डोळा ठेवा: जोडाच्या खालून येणारे फुटवे. ते खुंटाचे, म्हणजे गावठी आंब्याचे असतात आणि कलमापेक्षा जोमाने वाढतात. वेळीच खुडले नाहीत तर वरचं कलम मरतं आणि आपण पाच वर्षं रायवळच वाढवत राहतो. दारच्या हापूसला गोट्यांएवढी आंबट फळं आली, अशा हकिकतींमागे बहुधा हेच असतं.

पहिली तीन-चार वर्षं

कलम साधारण ७० सेंटिमीटर झालं की शेंडा छाटा. फुटलेल्या डोळ्यांतून चार दिशांना जाणाऱ्या तीन-चार फांद्या ठेवा, बाकीच्या काढा. त्या फांद्या दोन-अडीच फुटांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे मारा. असं दोन-तीनदा केलं की झाड छत्रीसारखं पसरतं आणि पुढे बारा फुटांच्या आत ठेवता येतं. घरच्या झाडाला ही उंची फार महत्त्वाची: फवारणी, पिशव्या बांधणी, काढणी सगळं जमिनीवर उभं राहून करता येतं.

पहिली तीन वर्षं मोहोर आला तर वीतभर असतानाच खुडा. जिवावर येतं, पण खुडा.

या वयात पाणी हवंच. हिवाळ्यात आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा, प्रत्येक वेळी १५ लिटरच्या आसपास. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला.

फळत्या झाडाचं पाणी

झाड पाच वर्षांचं झालं की नियम उलटा होतो. पावसाळा संपल्यापासून मोहोर येऊन फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत पाणी पूर्ण बंद. आंब्याची फांदी फुलायला तिची पालवी जून व्हावी लागते, वाढ थांबावी लागते आणि थंडी मिळावी लागते. मातीत ओल असली की वाढ थांबत नाही. थंडी पडली तरी डोळ्यातून मोहोराऐवजी पालवी फुटते. इथे लोक फसतात ते असे: आंब्याचं आळं कोरडं ठेवतात, पण शेजारच्या हिरवळीला किंवा गुलाबांना रोज पाणी देतात. आंब्याची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात, त्यांना ते पाणी पोचतंच. त्या तीन महिन्यांसाठी कुंड्या आणि वाफे दूर न्या.

फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी सुरू करा. दर पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर, बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली गोल. एकदम भरपूर पाणी दिलं तर गळ होते, म्हणून पहिली पाळी निम्मी द्या. काढणीच्या महिनाभर आधी पुन्हा बंद, नाहीतर फळ बेचव होतं.

दहा वर्षांवरची काही झाडं तरीही फुलत नाहीत. मग वाढ रोखणारं पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बाजारातलं कल्टार, सुचवलं जातं. ते बागायतदारासाठी ठीक आहे. घरच्या झाडाला वर्षानुवर्षं दिलं तर फांद्या आखडतात. ऊन, पाणी आणि नत्र तपासल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मोहोर

डिसेंबर-जानेवारीत ढग आले की तुडतुडे येतात. मोहोराची दांडी हलकेच हलवा: गव्हाच्या दाण्याहून लहान, पाचरीसारखे करडे किडे टणकन उडाले, तर तेच. खालच्या पानांना बोट लावलं तर चिकट लागतं. तो त्यांनी सोडलेला गोड चिकटा, आणि त्यावरच पुढे काळी बुरशी वाढते. डोळे फुगताना पहिली फवारणी करा: ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. आठ-दहा दिवसांनी दुसरी. बुंध्यावर आणि फांद्यांच्या बेचक्यांतही फवारा, तुडतुडे तिथे दडून बसतात.

मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. निंबोळी तेल आणि गंधक यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर मोहोर करपतो. फुलं उमलल्यावर काहीही फवारू नका. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात. त्या मेल्या तर मोहोर नुसता गळतो. हापूसला दुसऱ्या जातीचा पराग मिळाला की फळधारणा सुधारते, म्हणून जागा असेल तर जवळ एक रत्ना किंवा केसर असू द्या.

एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात आणि त्यातून एक-दोन फळं टिकतात. वाटाण्याएवढी फळं गळताना पाहून घाबरून खत ओतू नका.

फळ अंड्याएवढं झाल्यावर

आता २५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या बांधा. वर्तमानपत्राच्याही चालतात. तुऱ्यात एकच फळ ठेवा आणि पिशवीचं तोंड देठाभोवती आवळा. फळमाशी, डाग आणि बऱ्याच अंशी साका यापासून बचाव होतो. सोबत फळमाशीचा एक रक्षक सापळा टांगा. तो फक्त नर पकडतो, म्हणून गळलेली फळं रोज उचलून खोल पुरणं तितकंच गरजेचं आहे. अळ्या त्यांतूनच मातीत उतरतात.

खोडावर भुसा दिसला तर खोडकिडा आहे. छिद्रात तार घालून अळी ओढून काढा, पेट्रोलचा बोळा आत सारा आणि चिखलाने लिंपा. उशीर केला तर अख्खी फांदी वाळते.

काढणी आणि अढी

देठाजवळचे खांदे वर आले, देठाशी खळगा पडला आणि गडद हिरवा रंग किंचित फिका झाला की फळ चौदा आणे तयार. खात्री करायची तर एक फळ पाण्यात टाका. तयार फळ बुडतं. हापूस यापुढे झाडावर ठेवला तर साका वाढतो. सकाळी, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने), चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवून काढा आणि लगेच सावलीत न्या. तापलेल्या जमिनीवर ठेवू नका. देठ तोडून फळ उलटं धरा, चीक निथळू द्या. सालीवर ओघळला तर तिथे काळा डाग पडतो आणि फळ तिथूनच कुजतं.

कोरड्या भाताच्या पेंढ्याचा चार बोटं थर, त्यावर एकमेकांना न चिकटणारी फळं, वर पुन्हा पेंढा. चौथ्या दिवसापासून रोज चाळून नरम झालेली वेगळी काढा. आठ-दहा दिवसांत अढी उतरते. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर नीट पिकत नाही.

शेवटचं फळ उतरलं की पाऊस जोर धरायच्या आत छाटणी करा: आतल्या गुंतलेल्या, वाळलेल्या आणि बारा फुटांवर गेलेल्या फांद्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात, घरासाठी याच्या दहाव्या हिश्शाएवढी पुरते. सप्टेंबरनंतर छाटलं तर नवी फूट थंडीपर्यंत जून होत नाही आणि ते वर्ष जातं. छाटणीच्याच सुमारास फांद्यांच्या घेराखाली फूटभर रुंद, अर्धा फूट खोल गोल चर काढून खत द्या. पहिल्या वर्षी एक घमेलं शेणखत, ३०० ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षी दहापट, आणि मग तिथेच थांबा. पानं गडद हिरवी असून मोहोर कमी येत असेल तर युरिया निम्मा करा, बाकी तसंच ठेवा, आणि चर त्याच दिवशी मातीने बुजवा.